मोतीचा सातवा दिवस

“केमो म्हटल्यावर एवढं व्हायचंच की मॅडम,” असं म्हणत अण्णांनी खिशातून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. उलटीच्या गोळ्या संपल्या होत्या, तेवढ्याच न्यायला ते आले होते. रविवार होता. दाखल असलेली पिल्लं बघून मी घरी निघायच्या बेतात होते. त्यांचा कुत्रा मोती कसा आहे विचारलं, तर म्हणाले, “बाहेर रिक्षात हाय. उतरंना, म्हणून तिथंच ठेवलाय.”

लॅब्रॅडोर आणि रिक्षातून उतरत नाही? मी थर्मामीटर घेऊनच बाहेर गेले. मोती पाय ताणून पडला होता. मला बघून शेपूट हलवली, पण डोकं उचललं नाही. हिरड्या लालभडक, नाडी धावत होती आणि ताप १०४.२. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. त्याला डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध देऊन बरोबर सात दिवस झाले होते, त्यामुळे काय झालं असणार हे रिक्षातच कळलं.

मोतीला लिम्फोमा, म्हणजे लसीका गाठींचा कॅन्सर होता. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी, खांद्यापुढे आणि गुडघ्यामागेही तशाच. सुईने पेशी काढून तपासल्या आणि निदान पक्कं झालं. सातारा भागात काम करताना कुत्र्यांतला कॅन्सर म्हणजे आमच्यासमोर बहुतेकदा भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावरची, संगातून पसरणारी गाठ येते. ती व्हिनक्रिस्टीनच्या चार-सहा साप्ताहिक इंजेक्शनांनी बहुतेक वेळा कायमची जाते. (हे व्हिनक्रिस्टीन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळतं, हे शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं.) लिम्फोमाचं तसं नाही. व्हिनक्रिस्टीन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन ही चार औषधं आलटून पालटून दिली तर बहुतेक कुत्र्यांच्या गाठी विरघळतात, पण बहुतेकांत काही महिन्यांनी आजार परत येतो, एकूण साधारण वर्षभर मिळतं. उपचारच केले नाहीत, तर महिना-दीड महिना. हे सगळं मी अण्णांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “वर्ष मिळालं तरी लई झालं.”

आता सातव्या दिवसाचं. केमोची औषधं भराभर विभागणाऱ्या पेशी मारतात. गाठीतल्या पेशी तशा असतातच, पण अस्थिमज्जेतल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही तशाच असतात. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्तात जेमतेम काही तास टिकतात, मज्जेला त्या सतत नव्याने घडवाव्या लागतात. कारखाना बंद पडला की शिल्लक साठा आठवडाभरात संपतो. व्हिनक्रिस्टीननंतर पाचव्या ते सातव्या दिवशी, डॉक्सोरुबिसिननंतर सातव्या ते दहाव्या दिवशी हा आकडा तळाला जातो. त्याच सुमारास आतड्याचं अस्तर सोललेलं असेल, तर पोटातलेच जंतू रक्तात शिरतात. बाहेरून संसर्ग यायची गरजच नसते.

मानेच्या शिरेतून रक्त घेतलं. पायाच्या शिरा मी केमोसाठी राखून ठेवते, साध्या तपासणीसाठी त्या टोचत नाही. मशीनने पांढऱ्या पेशी १,३०० दाखवल्या, त्यांतल्या न्यूट्रोफिल ४००. निरोगी कुत्र्यात त्या तीन हजारांच्या वर असतात. अशा वेळी मी मशीनवर विसंबत नाही, काच रंगवून स्वतः बघते. सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या तांबड्या पेशींचा सडा. काच सरकवत गेले, मधूनच एखादी लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारची पांढरी पेशी), पुन्हा तांबडंच तांबडं. बऱ्याच वेळाने काठाशी एक न्यूट्रोफिल सापडली, तीही निळसर, फेसाळ, घाईघाईने मज्जेतून बाहेर ढकललेली. ताप आणि चारशेचा आकडा एकत्र म्हणजे तातडीचं काम. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर त्याचा रक्तदाब कोसळू लागला असता.

वॉर्डात त्या वेळी पार्व्होची, म्हणजे विषाणूच्या सांसर्गिक जुलाबाची पिल्लं होती. मोतीची लस झालेली होती, तरीही तिकडे न्यायचा प्रश्नच नव्हता. माझी तपासणीची खोली पुसून घेतली, धुतलेली चादर अंथरली आणि मदतनिसाला सांगितलं की मोतीकडे जो जाईल त्याने पिल्लांना हात लावायचा नाही. मागच्या पायावरचे केस काढून, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने दोनदा घासून, निर्जंतुक हातमोजे घालूनच सुई लावली. साध्या जुलाबाच्या कुत्र्यासाठी एवढं कोणी करत नाही, पण इथे सुईच्या तोंडाशी बसलेला जंतूही जिवावर बेततो. सलाइन सुरू केलं, शिरेतून दोन प्रतिजैविकं दिली, उलटीसाठी मॅरोपिटंट. हे इंजेक्शन झोंबतं, म्हणून मी ते फ्रीजमधून काढून थंडच देते. थंड असलं की बरंच कमी झोंबतं.

“तापाची एक सुई मारा की,” अण्णा म्हणाले. मी नाही म्हटलं. मोती प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर होता. त्यावर मेलॉक्सिकॅमसारखं औषध दिलं तर पोटात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. ताप त्याच्या कारणावर उपचार झाले की उतरतो. घरातलं आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल तर माझ्या कुठल्याच रुग्णाला कोणी देऊ नये असं मी हात जोडून सांगते.

मोतीने शुक्रवारपासून काही खाल्लं नव्हतं. दोन दिवस! अण्णांनी मला फोन का केला नाही, हे सलाइनचे थेंब मोजत बसलेले असताना त्यांनीच सांगितलं. अण्णा एसटीतले निवृत्त कंडक्टर. त्यांच्या मंडळींना स्तनाचा कॅन्सर झाला होता, तेव्हा प्रत्येक केमोला ते सोबत जायचे. “हिचं पण असंच व्हायचं. आठवडा-आठवडा अन्न आत राहायचं नाही. विचारलं की म्हणायचे, सोसावं लागतंय. मग म्हटलं, मोतीचं पण तसंच असंल. रविवारचा तुम्हाला कशाला ताप?”

त्या वाक्यात अण्णांची काही चूक नव्हती. ज्याने माणसाची केमो जवळून पाहिली आहे, त्याच्या मनात त्रास आणि उपचार यांची सांगड घट्ट बसलेली असते. माणसात औषधांच्या मात्रा तशा जबर असतात, कारण तिथे रोग मुळापासून काढायची आशा असते आणि रोग्याने पुढची वीस वर्षं डोळ्यांसमोर ठेवून आजचा आठवडा सोसायचं कबूल केलेलं असतं. मोतीने असं काहीच कबूल केलेलं नाही. त्याला आपण फक्त चांगले दिवस मिळवून देऊ शकतो, म्हणून कुत्र्यांच्या मात्राच सौम्य ठेवलेल्या असतात. बहुतेक कुत्र्यांना किरकोळ त्रास होतो, शंभरातल्या साधारण पाचांना दाखल करावं लागतं. आणि जो त्रास होतो तो कमी करणं हे मी उपचाराचं शेपूट मानत नाही, तोच उपचाराचा गाभा आहे. खेळणारं, खाणारं कुत्रं दिसत नसेल तर गाठी विरघळल्याचा मला काहीही आनंद होत नाही. हे मी अण्णांना जवळजवळ याच शब्दांत सांगितलं. ते बराच वेळ मोतीच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, “तिला कुणी असं सांगितलं नाही.”

दुपारी त्यांची सून डबा घेऊन आली. डब्यात कलेजी, मोतीचा जीव की प्राण. घरी दोन दिवस ती रोज करून त्याच्या पुढ्यात ठेवत होती. तिने डबा उघडला मात्र, मोतीने तोंड फिरवलं, ओठांवरून जीभ फिरवली, घोट गिळला, पुन्हा जीभ फिरवली. “बघा, तोंडाला पाणी सुटलंय,” ती म्हणाली. ती मळमळ होती. कुत्रं सांगू शकत नाही, पण सारखे ओठ चाटणं, लाळ गाळणं, रिकामे घोट गिळणं आणि वासापासून मान वळवणं म्हणजे त्याला ढवळतंय. उलटी झाली नाही म्हणजे मळमळ नाही, असं नसतं. आणि मळमळत असताना आवडीचा पदार्थ पुढे केला, की त्या पदार्थाशीच ती भावना जोडली जाते, बरं झाल्यावरही मग कुत्रं त्याला शिवत नाही. कलेजी महिनाभर बंद, असं सांगितल्यावर सुनेचा चेहरा पडला. किती प्रेमाने केली होती तिने. पण तिने डबा लगेच झाकला.

मॅरोपिटंटच्या जोडीला ऑन्डान्सेट्रॉन हे मळमळीवरचं औषधही शिरेतून सुरू केलं. रात्री जीभ फिरवणं थांबलं. त्यानंतरच मऊ भात आणि उकडलेल्या चिकनचा कोमट गोळा तळहातावर धरला. कोमट अन्नाला वास येतो, म्हणून ते आवडतं, पण कढत नको. मोतीने आधी हुंगलं, मग अर्धा गोळा खाल्ला. अर्ध्यावरच मी हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप १०२.६ वर आला आणि चौथ्या दिवशी न्यूट्रोफिल २,८०० झाल्या. मज्जा एकदा जागी झाली की आकडे असे झपाट्याने चढतात.

घरी सोडताना मी सगळं पुन्हा नव्याने सांगितलं. थर्मामीटर दिला, तापमान कसं घ्यायचं ते अण्णांच्या हातून करून घेतलं. १०३ च्या वर गेलं किंवा दोन जेवणं सुटली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन. मज्जा झोपलेली असते त्या दिवसांत कच्चं मांस, कच्चं अंडं नाही. सायक्लोफॉस्फमाइडची गोळी सकाळीच, कारण ते औषध लघवीत उतरून मूत्राशयाचं अस्तर जाळतं. दिवसभर भरपूर पाणी आणि घटका-घटकाला बाहेर नेणं, लघवी तांबडी दिसली तर लगेच कळवणं. प्रेडनिसोलोनने तहान-भूक वाढते, घरात लघवी होते, त्यासाठी रागवायचं नाही. केमोनंतरचे दोन-तीन दिवस शी-शू हातमोजे घालून साफ करायची आणि त्या जागेवर भरपूर पाणी ओतायचं. सून गरोदर होती, म्हणून तिने त्यात हात घालायचाच नाही, हे तिच्यासमोर आणि तिच्या नवऱ्यासमोर वेगळं सांगितलं. मिशा गळतील, त्याने घाबरायचं नाही. लॅब्रॅडोरचे केस सहसा जात नाहीत, शिह त्झू किंवा पूडलचे जातात.

अण्णांनी वही काढली. हयातभर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा तक्ता भरलेला माणूस. पान आडवं धरून त्यांनी पट्टीने रकाने आखले: वेळ, खाल्लं किती, पाणी, उलटी, शी, ताप. शेवटचा रकाना मी सुचवला, ‘ओठ चाटणं’. त्यांनी त्याच्या खाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या डॉक्सोरुबिसिनला मी मात्रा वीस टक्क्यांनी कमी केली. हृदयाची सोनोग्राफी आधी करून घेतली, कारण या औषधाने हृदयाच्या स्नायूला होणारी इजा मात्रेगणिक साठत जाते आणि एकूण मात्रेचा हिशेब ठेवावा लागतो. मॅरोपिटंट त्रास व्हायची वाट न बघता त्याच दिवसापासून चार दिवस दिलं. सातव्या दिवशी न्यूट्रोफिल २,३०० आल्या. त्या खेपेला सहाव्या दिवशी मोतीने रात्रीचं जेवण अर्धं टाकलं, ताप १०१.८, ओठ चाटणं ‘थोडं’, एवढंच वहीत होतं. खरं तर मी सांगितलेल्या मर्यादेत हे काहीच बसत नव्हतं. पण अण्णांनी साडेनऊला फोन केला, मी एक गोळी वाढवून द्यायला सांगितली, आणि सकाळी वहीत ‘पूर्ण खाल्लं, सून हातानं भरवत होती’ अशी नोंद झाली.