पाच नंबर अडला! (केबिन लेआउट, लॉकिंगचं काम)

माझ्या मॉडेल रेल्वेतल्या सिग्नल केबिनचा पाच नंबरचा लिव्हर अखेर अडला, आणि जिथं अडायला हवा होता तिथंच अडला. सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा) अर्धवट फिरलेला असताना हा निळा लिव्हर आता कितीही ओढा, हलत नाही.

होम आणि लूप होम या सिग्नलांचं लॉकिंग (चुकीचा लिव्हर ओढू न देणारी यंत्रणा) सरळ बसलं होतं, घोडं अडलं होतं ते फेसिंग पॉइंट लॉकपाशी, म्हणजे गाडी जाताना सांधा हलू न देणाऱ्या लॉकपाशी. निळा लिव्हर त्याचाच. टॅपेट लॉकिंग (लिव्हरबरोबर सरकणाऱ्या खाचांच्या पट्ट्यांचं) केलेल्यांना हे दुखणं ठाऊक असेल. या लॉकला सांधा नॉर्मल आणि रिव्हर्स अशा दोन्ही बाजूंना धरून ठेवावा लागतो, म्हणून सांध्याच्या काळ्या लिव्हरच्या पट्टीला दोन खाचा. पट्टी सरकायची जेमतेम ४ मिमी आणि खाचेचं तोंड ३ मिमी. मधे उरायचा १ मिमीचा दात. त्यात ऑनलाइन मागवलेलं पितळ मऊ निघालं. जरा जोर लावला की दात दबायचा, डॉग (खाचेत बसून पट्टी अडवणारा तुकडा) आत शिरायचा आणि सांधा मधेच लोंबकळत असताना लॉक पडायचं. खऱ्या लाइनवर असं झालं तर गाडी रुळांखालीच उतरेल.

जाड पट्टी लॉकिंगच्या ट्रेमध्ये मावेना. डॉग बारीक केला तर तो वाकायला लागला. मग पट्टीची पिनच लिव्हरवर वर सरकवली, पिव्हटपासून पावणेदोन पट अंतरावर. सरक झाली ७ मिमी, दात झाला ४ मिमीचा. काम फत्ते! नव्या पट्ट्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून कापून आणल्या. कडक पितळ, कडा एकदम साफ. किटमधल्या पट्ट्यांवर पैसे घालवू नका. आणि निडल फाइल चांगल्यातल्याच घ्या, स्वस्त सेट चार खाचांत गुळगुळीत होतो.

मिरजेच्या एका निवृत्त केबिनमन काकांना फ्रेम (लिव्हरांची चौकट) दाखवली. त्यांनी आधी सांधा अर्धा ओढून लॉक मारून बघितलं. अडलं. मग लॉक न लावताच सिग्नल ओढला. तोही अडला. "आता झाली बघ केबिन," म्हणाले. त्या दिवशी दुसरं काही काम झालं नाही, पण मन भरलं.

पुणे-मिरज दुहेरीकरणाबरोबर इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग, म्हणजे हेच लॉकिंग संगणकावर, आलं. सुरक्षेसाठी ते हवंच. पण जुन्या केबिनचं आपण जपतो काय? एखादा रंगवलेला लिव्हर, फार तर इमारत. इंग्लंडमध्ये २०१३ साली २६ केबिन एकदम वारसा यादीत आल्या, तसं इथंही व्हावं. मात्र चूक होऊ न देणारं खरं डोकं तळमजल्यावरच्या लॉकिंगमध्ये असतं, आणि भंगारात पहिलं तेच जातं.

लिहिता लिहिता सुचतंय, लॉकिंग ट्रे बोर्डाखाली लपवायचा कशाला? पुढं आणून वर पारदर्शक अॅक्रिलिक लावतो, म्हणजे लिव्हर ओढताना डॉग सरकलेला दिसेल. मालधक्क्याची साइडिंग सध्या बाजूला. नीलचा बॉल टोकनही (एकेरी मार्गावर एका वेळी एकच गाडी सोडू देणारं यंत्र) नंतर.

मिरजेत ब्रॉड, मीटर आणि नॅरो तिन्ही गेज होते, त्या काळातल्या कुठल्याही केबिनचा लॉकिंग टेबल (कुठला लिव्हर कुठल्याला अडवतो त्याचा तक्ता) किंवा डायग्राम कुणाकडे असेल, तर फोटो जरूर पाठवा. लिव्हरचे नंबर वाचता आले तरी पुरे.