ताईचा वाटा, माझा वाटा

संभाजीनगरच्या गारखेड्यातला टू बीएचके फ्लॅट आम्ही २०१४ च्या डिसेंबरात घेतला. ताई सख्खी नाही. एकाच शाळेत शिकवायचो. ती उदगीरची, मी परभणीची, दोघी बिनलग्नाच्या. सगळा खर्च धरून २५ लाख लागले. १५ तिचे, १० माझे. खरेदीखतात दोघींची नावं, वाटा मात्र कुठेच नाही. तेव्हा सुचतंय कुणाला!

जानेवारी २०२५ मध्ये ५५ लाखांना विकला. ताई म्हणाली, "काय हिशोब करायलीस गं, निम्मं निम्मं करून टाकू."

सीए म्हणाले, "मॅडम, वाटा लिहिलेला नसला तर ज्याने जितके घातले तितका त्याचा. पुरावाच नसेल तर निम्मा. तुमचा पुरावा पासबुकात आहे." म्हणजे ताईचे ३३ लाख, माझे २२. वरचे साडेपाच तिने मायेने दिले तर ती भेट. आयकराच्या नातेवाइकांच्या यादीत नवरा आहे, बहीण आहे, मावशी-आत्या आहेत, मैत्रीण नाही. ५० हजारांच्या वर गेलं की सगळी रक्कम माझं उत्पन्न. दहा वर्षं एका तव्यावरची भाकरी खाल्ली, ती कोणत्या रकान्यात भरायची? ताई दिवसभर कुणाशी बोलली नाही.

खरेदी २३ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून कर दोन्ही रीतींनी काढून बघता आला. माझ्या १२ लाख नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी दीड लाख. महागाईच्या निर्देशांकाने (२४० वरून ३६३) खरेदीची किंमत वाढवून २० टक्क्यांनी १,३७,५००. कमी तो भरला, वर ४ टक्के सेस. ताईने त्याच वर्षी लातूरला ३५ लाखांचं घर घेतलं, नफा नव्या घरात घातला म्हणून कलम ५४ मुळे तिला काहीच लागलं नाही.

डोक्याला ताप दिला तो टीडीएसने, म्हणजे घर घेणाऱ्याने किमतीतून कापून सरकारला भरायच्या कराने. घेणारे नवरा-बायको. म्हणे, कुणाचाच हिस्सा ५० लाखांचा नाही, कापायचा कशाला? पण १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या विकणाऱ्यांची एकूण रक्कम धरतात. मग कापला, तर तो भरायचा फॉर्म, २६क्यूबी, एकच भरला, सगळे ५५ हजार ताईच्या पॅनवर! दोन विकणारे, दोन घेणारे, म्हणजे चार फॉर्म हवे होते. दुरुस्ती होऊन माझे २२ हजार २६एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणारं पान) दिसायला जून उजाडला. तोवर रोज चहाच्या आधी तेच पान उघडायचे.

लातूरच्या घरात एक खोली माझी आहे म्हणते ताई. दस्तात नाव मात्र तिचं एकटीचंच घालायला मीच लावलं.