तानपुरा लावा ना जरा: पुण्यातल्या हाय-एंड ऑडिओ शोचा वृत्तांत

हाय-एंड ऑडिओचे, म्हणजे उंची ध्वनियंत्रांचे, शो बहुतेक ठिकाणी हॉटेलांत भरतात, तसाच पुण्यातला हाही भरला होता. कोरेगाव पार्काच्या बाजूच्या एका मोठ्या हॉटेलचे दोन मजले घेतलेले. खोल्यांतले पलंग हलवून त्या जागी खुर्च्यांच्या तीन-चार रांगा मांडलेल्या आणि समोर किंमत विचारायला धीर लागेल असे स्पीकर. दार लावलेलं, आत पंधरा-वीस माणसं, कुणी कुणाशी बोलत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला आपण चुकून कुणाच्या तरी सत्संगात शिरलो की काय, असं वाटतं.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, माझा मेहुणा (याचं सगळं ऐकणं हेडफोनवर) आणि आमच्या सोसायटीतले काका. काकांकडे एलपींनी भरलेली कपाटं आहेत आणि डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला ते मुकुंदनगरच्या मंडपात पुढची जागा धरून बसतात. तिघांची मतं शेवटपर्यंत जुळली नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं तिघांच्या कानांनी ऐकलेलं आहे असं समजा.

आधी पोचण्याचं. कोथरूडकरांनी वनाझहून मेट्रो धरावी, बंड गार्डनला उतरावं आणि रिक्षा करावी. पिंपरी किंवा स्वारगेटकडून येणाऱ्यांना सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते. स्वतःची कार काढू नका. हॉटेलच्या दारात गाडी लावून घेणाऱ्यांची रांग आणि निघताना गाडी परत मिळायची रांग, दोन्हींत जीव जातो. नोंदणी घरूनच करून ठेवा, म्हणजे दारात फक्त मोबाइल दाखवून गळ्यात पट्टा पडतो. दारं उघडतात त्याच वेळेला पोचा. पहिल्या तासाभरात खोल्या रिकाम्या असतात, मधली खुर्ची मिळते आणि मांडणारी माणसंही ताजी असतात, हवं ते लावून देतात. दुपारी जेवणानंतर जी गर्दी होते, तिच्यात आवाज ऐकू येतो, पण ऐकता काही येत नाही.

मधल्या खुर्चीचा आग्रह उगाच नाही. दोन स्पीकर आणि तुम्ही असा साधारण समभुज त्रिकोण झाला तरच गायक मध्यभागी उभा राहतो. कडेच्या खुर्चीवर बसलात की जवळचा स्पीकर सगळं बळकावतो आणि स्टिरिओची गंमत संपते. खुर्ची रिकामी होईपर्यंत मागे उभं राहावं, पण कडेला बसून मत बनवू नये. आणखी एक: अगदी मागच्या भिंतीला टेकून बसलात तर खर्ज फुगलेला ऐकू येतो, कारण भिंतीपाशी खालचे स्वर साठतात.

आता खोल्यांबद्दल. सगळ्यात मोठी गर्दी ज्या खोलीत होती, तिथे माणसाच्या उंचीचे स्पीकर होते. एकेक अॅम्प्लिफायर दोघांनी उचलावा असा. मांडणाऱ्याने लावलं तेच, जे अशा शोमध्ये सगळीकडे लावतात: परदेशी बाईचा मऊ आवाज, मागे डबल बास, मग गिटार आणि टाळ्यांचं एक लाइव्ह रेकॉर्डिंग. छान वाजलं. वाजणारच, या रेकॉर्डिंग्ज कुठल्याही यंत्रावर छान वाजतात, म्हणून तर त्या निवडतात. मी पेनड्राइव्ह पुढे केला आणि म्हटलं, जरा तबला असलेलं काही लावता का? लावलं, आणि डग्गा बोलायला लागल्याबरोबर खोलीच घुमायला लागली. ‘धा’ आणि ‘गे’ यांत फरक उरला नाही, नुसता एक गोळा.

दोष स्पीकरचा नव्हता. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींत ४ मीटर अंतर असेल, तर ४३ हर्ट्झला आणि पुढे तिच्या दुपटीला, ८६ हर्ट्झला, खोली स्वतःच गुणगुणायला लागते. डग्ग्याचा घुमारा नेमका त्या टापूत येतो. मोठ्या दालनासाठी केलेला, खूप खाली उतरणारा स्पीकर हॉटेलच्या खोलीत ठेवला की तो खोलीलाच वाजवतो. आपल्याकडे फ्लॅटचा हॉल १० बाय १५ फुटांचा असतो. तिथेही हेच गणित लागू: १५ फुटांच्या बाजूला सुमारे ३७ हर्ट्झ, १० फुटांच्या बाजूला ५६. मोठे स्पीकर परवडतात की नाही हा प्रश्न नंतरचा. ते आपल्या हॉलला झेपतात का, हे आधी विचारायला हवं.

पुढच्या मजल्यावरच्या एका खोलीत मात्र पैसे वसूल झाले. मध्यम उंचीचे स्पीकर, मांडणारा पंचविशीतला मुलगा, गालिच्यावर पिवळी चिकटपट्टी लावून त्याने स्पीकरच्या जागा आखून ठेवलेल्या. इथेही डग्गा जरा फुगतच होता. काका म्हणाले, “अरे, हे खोके भिंतीपासून थोडे पुढे घेऊन बघतोस का?” मुलाने आधी चिकटपट्टीकडे बघितलं, मग काकांकडे. मग म्हणाला, “काका, तुम्ही म्हणताय तर बघू.” दोघांनी मिळून एकेक स्पीकर वीतभर पुढे सरकवला, तोंडं थोडी आत वळवली. तोच तुकडा पुन्हा लावला. आता डग्ग्यावर मनगट दाबून घेतलेली मींड स्वच्छ वर चढताना ऐकू आली, बोट आणि मनगट वेगळे कळत होते. यंत्र तेच, तार तीच, किंमत तीच. मागच्या रांगेतला एक जण टाळी वाजवणार होता, त्याने स्वतःला आवरलं. काकांनी नंतर त्या मुलाला तानपुरा लावायला सांगितला.

तानपुऱ्याची ही गोष्ट मी काकांकडून उचलली आणि पुढे सगळीकडे वापरली. जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली सरकवतात तो) बरोबर बसला की एका तारेतून वरचे कितीतरी स्वर उमलत येतात, कधी गंधार ऐकू येतो, कधी आणखी वरचं काही. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झ. म्हणजे एका वाद्यात खालपासून वरपर्यंतची सगळी परीक्षा. वाईट ट्वीटर (उंच स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) जवारीचा किरकिराट करतो, सुस्त स्पीकर तिचा नुसता भुंगा करतो. चांगल्या ठिकाणी तारा छेडल्याच्या जागा मोजता येतात आणि तरी आवाज सलग राहतो. दोन मिनिटांचा नुसता तानपुरा पेनड्राइव्हवर न्याच. मांडणारे चक्रावतात, पण लावतात.

सगळ्यात मनात राहिलं ते लहान ब्रिटिश धाटणीच्या स्पीकरांचं दालन. या घराण्याचं मूळ बीबीसीत. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत मावेल असा एलएस३/५ए हा चिमुकला मॉनिटर, म्हणजे आवाज तपासायचा स्पीकर, बनवला. गाडीत जागा नाही आणि निवेदकाचा आवाज मात्र खरा ऐकू यायला हवा, या गरजेतून आलेला. त्यामुळे या जातीचे स्पीकर मानवी आवाजाला जागतात. आम्ही किशोरीताई आमोणकरांचं एक ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं. आलापातली दोन स्वरांमधली जागा, श्वास, स्वरमंडळाची झंकार, सगळं जागच्या जागी. खर्ज फारसा नाही, अवाढव्यपणा तर अजिबात नाही. मेहुण्याला ‘पातळ’ वाटलं. काका दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले, उठायचं नाव घेईनात. माझं मत काकांच्या बाजूने. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहून शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने आधी या जातीकडे बघावं.

नळ्यांचे (जुन्या व्हॅक्यूम ट्यूबचे) अॅम्प्लिफायर आणि कर्णे (हॉर्नच्या तोंडाचे स्पीकर) यांची खोली हा एक वेगळाच प्रकार. ३०० बी ही १९३० च्या दशकातली नळी, एकेरी जोडणीत (एकच नळी लावून) तिच्यातून जेमतेम ८ वॉट मिळतात. ‘एवढ्यात काय होणार’ असं म्हणून लोक आत येतात. पण १ वॉटला १ मीटरवर ८७ डेसिबल देणारा साधा स्पीकर आणि ९७ डेसिबल देणारा कर्णा यांत १० डेसिबलचा फरक, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी कर्ण्याला दहाव्या हिश्श्याची ताकद पुरते. त्यामुळे ‘किती वॉट?’ हा प्रश्न एकटा विचारण्यात अर्थ नाही, सोबत स्पीकरची संवेदनक्षमता विचारा. सनई आणि ट्रंपेट त्या खोलीत अंगावर येत होते, शब्दशः. नळ्यांच्या उष्णतेने खोली तापलेली, आणि हळू तुकडा आला की मांडणारा एसी बंद करायचा, कारण एसीची घरघर त्या तुकड्याला खाऊन टाकते. पाच मिनिटांत सगळ्यांच्या कपाळावर घाम. सुती कपडे घालून जा.

रेकॉर्ड प्लेयरच्या एका खोलीत मजा झाली. मूव्हिंग कॉइल काडतुसातून (सुई बसवलेल्या छोट्या भागातून) जेमतेम अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास संदेश निघतो, तो हजारो पटींनी वाढवावा लागतो, त्यामुळे अर्थिंग जरा ढिलं असलं की विजेचा हम (घूं असा आवाज) सोबत वाढून येतो. सुई टेकली, गाणं सुरू व्हायच्या आधीच काका माझ्या कानात म्हणाले, “पंचम उतरलाय.” आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १०० हर्ट्झ, आणि काळी एकचा मंद्र पंचम १०४ च्या जवळ. हम खरोखरच उतरलेल्या पंचमावर लागला होता! मांडणाऱ्या बाईंनी टर्नटेबलमागची बारीक अर्थची तार घट्ट केली आणि पंचम गायब झाला. घरी रेकॉर्ड वाजवणाऱ्यांनी असा हम आला तर हजारोंचा खर्च करण्याआधी ती तार बघावी. एलपी स्वतःची न्यायची असेल तर आधी विचारा. काही जण आनंदाने लावतात, काहींना दुसऱ्याची धूळ आपल्या सुईला नको असते, आणि त्यात त्यांचं चूक नाही.

हेडफोनची टेबलं तळमजल्यावर, लॉबीत. मेहुणा तिथेच रमला. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनच्या पडद्याला ५८० व्होल्टचा बायस, म्हणजे सतत लावलेला विद्युतदाब, देतात असं त्याने कौतुकाने सांगितल्यावर काकांनी हेडफोन सरळ खाली ठेवला. प्रवाह नगण्य असतो, धोका नसतो, हे समजावून सांगेपर्यंत ते चहाला निघून गेले होते. लॉबीच्या गोंगाटात उघड्या पाठीच्या हेडफोनची पारख होत नाही. ज्याला घ्यायचेच आहेत त्याने मॉडेलचा क्रमांक टिपून घ्यावा आणि दुकानात शांतपणे ऐकावेत.

केबलवाल्यांच्या खोलीत आम्ही फार थांबलो नाही. २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार ५ मीटर नेली, तर जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहमच्या आसपास भरतो आणि समोर ८ ओहमचा स्पीकर असतो. अजगराएवढ्या तारेवर पैसे घालायचे की खोलीच्या पडद्यांवर, हे ज्याने त्याने ठरवावं. मी पडदे घेईन.

काही गोष्टी सांभाळायच्या. दोन यंत्रांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी आहे का बघा. किंचित मोठं वाजणारं आपल्याला हमखास चांगलं वाटतं आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अॅप अगदी काटेकोर नसतं, पण तुलनेपुरतं चालतं. त्याच अॅपवर ९४ च्या वर आकडा दिसत राहिला तर उठा. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या निकषाप्रमाणे ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे ९४ ला जेमतेम १ तास. दिवसभर खोल्या फिरायच्या तर फोमचे बोळे खिशात असू द्या. दोन-तीन खोल्या झाल्या की बाहेर येऊन शांत बसा, नाहीतर दुपारनंतर सगळंच सारखं ऐकू येतं. हॉटेलातली कॉफी महाग आहे, जेवण त्याहून. बाहेर पडून खाऊन या, पट्टा गळ्यात असला की परत आत सोडतात.

गाणी पेनड्राइव्हवर फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत) न्या, आणि तीच स्ट्रीमिंगच्या यादीतही ठेवा, कारण काही खोल्यांत पेनड्राइव्ह लावू देत नाहीत. रोज ऐकलेलं, पाठ असलेलं असावं. एक तानपुरा, एक तबला, एक बाईचा आणि एक पुरुषाचा आवाज, एखादं जुनं मोनो (डावं-उजवं वेगळं नसलेलं) ध्वनिमुद्रण. जुनं मोनो मुद्दाम, कारण आपल्या संग्रहात अर्ध्याहून जास्त तेच असतं आणि फार चोखंदळ यंत्र त्यातली खरखरच पुढे आणतं. भीमसेनजींची पन्नास-साठच्या दशकांतली गाणी जिथे ऐकवत नाहीत, ते यंत्र माझ्या कामाचं नाही.

किंमत विचारताना सबंध साखळीची विचारा. समोरचे स्पीकर दोन-तीन लाखांचे असतात, पण ऐकू येतो तो आवाज मागच्या वीस लाखांच्या अॅम्प्लिफायरचा असतो. दुरुस्ती पुण्यात होते की यंत्र मुंबईला पाठवावं लागतं, नळ्या आणि सुया इथे मिळतात का, हेही तिथेच विचारून घ्या. शोमधल्या सवलतीच्या मुदतीला भुलून आगाऊ रक्कम देऊ नका. त्याऐवजी यंत्र घरी ऐकायला देणार का, असं विचारा. बरेच विक्रेते शनिवार-रविवारसाठी देतात. हॉलची लांबी-रुंदी-उंची आणि सोफ्यामागे किती जागा आहे हे मोजून मोबाइलमध्ये नेलं होतं, त्यामुळे आमच्याशी बोलणं झटकन मुद्द्यावर आलं. अनामत किती, ने-आण कोण करणार, ओरखडा उठला तर कुणाचा, एवढं लेखी घ्या.