कुझ्कोचे नाणे आणि बुडालेल्या जहाजाचा पुरावा

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर राहायला आल्यापासून जुन्या स्पॅनिश नाण्यांचे वेड लागले होते. त्यातच गेल्या वर्षी एका विक्रेत्याने मला १६९८ सालचे, पेरूमधील कुझ्को टांकसाळीचे दोन एस्कुदोंचे (एस्कुदो हे जुने स्पॅनिश सुवर्णचलन) सोन्याचे नाणे दाखवले आणि ते १७१५ साली बुडालेल्या स्पॅनिश ताफ्यातील असल्याचे सांगून त्यापोटी बरीच जास्त किंमत मागितली. कुझ्कोमध्ये हाताने ठोकलेली ही सुवर्णनाणी त्या एकाच वर्षाची आहेत. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी पुरावा शोधायचा, असे मी ठरवले.

पहिला प्रश्न नाणे खरे आहे का, हा होता. एका बाजूला लाटांवरचे दोन खांब, दुसऱ्या बाजूला क्रूस आणि त्याच्या चौकटींत किल्ले व सिंह, अशी मांडणी लिमाच्या नाण्यांवरही असते. पण येथे लिमाच्या ‘एल’ऐवजी ‘सी’ आणि धातुपारख्याचे ‘एम’ हे अक्षर स्पष्ट होते. आजीच्या पुतळ्यांच्या माळेतील सोने सोनार कसोटीवर घासून पाहत असे. येथे तसा ओरखडा परवडणारा नव्हता, म्हणून विक्रेत्यासमोरच पाण्यात वजन केले. हवेत ६.७२ ग्रॅम, पाण्यात ६.३४ ग्रॅम, म्हणजे सापेक्ष घनता सुमारे १७.७, जी २२ कॅरट सोन्याला शोभते. तराजूची चूक ०.०१ ग्रॅमची धरली, तरी उत्तर १७.२ ते १८.२ यांच्या दरम्यान हलते, म्हणून हे वजन तीनदा केले.

मग कागदपत्रांकडे वळलो. स्पेनमधील सेव्हिल येथील इंडीजच्या, म्हणजे स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींच्या, अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत मी ‘कुझ्को’च्या नावाखाली दोन संध्याकाळी वाया घालवल्या. तेथे कागद त्या त्या भागाच्या उच्च न्यायालयाच्या नावाखाली लावलेले आहेत, आणि कुझ्कोचे स्वतंत्र उच्च न्यायालय १७८७ साली स्थापन झाले. १६९८ चे कागद लिमाच्या नावाखाली शोधायला हवेत, हे उशिरा लक्षात आले. त्यातील वळणदार, एकमेकांत गुंतलेली अक्षरे मोडीच्या सरावामुळेही वाचता आली नाहीत, हे कबूल करतो.

ताफ्याचा दावा मुळात अशक्य नव्हता. हवानाहून २४ जुलै १७१५ रोजी निघालेल्या या ताफ्यात सेनापती उबिया यांची मेक्सिकोतील व्हेराक्रूझहून आलेली जहाजे होती, तशीच सेनापती एचेव्हेर्स यांची दक्षिण अमेरिकेतील कार्टाहेनाहून आलेलीही होती, आणि पेरूचे सोने त्या दुसऱ्या मार्गाने येत असे. आठवड्याभरातच वादळाने ताफा फ्लोरिडातील सेबॅस्टियनजवळच्या किनाऱ्यावर फोडला. वाचलेल्यांच्या छावणीच्या जागी उभ्या असलेल्या मॅकलार्टी संग्रहालयात गेल्यावर मला खरी अडचण कळली: चांदीला समुद्र खातो, सोने मात्र तीन शतकांनंतरही तसेच राहते. म्हणजे नाणे पाण्यात होते की कोणाच्या पेटीत, हे नाणे स्वतः सांगणार नाही; ते उत्खननाचे प्रमाणपत्र किंवा जुन्या लिलावाच्या यादीतील त्याच नाण्याचे छायाचित्र यांनीच सांगावे लागेल. हाताने कापलेल्या प्रत्येक नाण्याची कड वेगळी असल्याने असे छायाचित्र जुळवणे अवघड नसते.

विक्रेत्याकडे दोन्ही नव्हते. मी त्याला पावतीवरील ताफ्याचा उल्लेख काढायला आणि त्यानुसार किंमत कमी करायला सांगितले. बऱ्याच कुरकुरीनंतर तो तयार झाला. नाण्याच्या पाकिटावर आता एवढेच लिहिले आहे: कुझ्को, १६९८, दोन एस्कुदो, ६.७२ ग्रॅम.