ऐन गेममध्ये मशीन रीस्टार्ट: परभणीतली शोधनोंद

मंडळी, रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड असलेल्या माझ्या कॉम्प्युटरच्या रीस्टार्टचा छडा बराचसा लागलाय, म्हणून सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवतो. लक्षण असं: एरवी दिवसभर काही त्रास नाही, पण संध्याकाळी मोठा गेम लावला की मध्येच स्क्रीन काळी आणि मशीन आपोआप पुन्हा चालू. निळी स्क्रीन नाही, एरर नाही.

नुसतं ‘गेम क्रॅश होतोय’ म्हटलं तर त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. गेम बंद पडून डेस्कटॉप दिसतो, की चित्र जातं पण आवाज चालू राहतो, की अख्खं मशीनच रीस्टार्ट होतं? हे तीन वेगळे आजार आहेत. पहिल्यात रॅम किंवा गेमच्या फाइली बघायच्या, दुसऱ्यात ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर. तिसऱ्यात सगळ्यात आधी वीज आणि उष्णता.

माझा तिसरा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ सापडलं. ही नोंद बघून बरेच जण लगेच एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) बदलायला धावतात. तिचा अर्थ एवढाच, की विंडोज नीट बंद न होता मशीन बंद झालं. कारण ती सांगत नाही. तपशिलातला बगचेककोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा एरर नंबर, बघा. माझ्याकडे तो ० होता आणि क्रॅशच्या फाइली साठवणारं मिनीडंप फोल्डर रिकामं. म्हणजे विंडोजला एरर लिहायलाही वेळ मिळाला नव्हता. डिस्प्ले ४१०१ (ग्राफिक्स ड्रायव्हर अडकल्याची) किंवा व्हिया-लॉगरच्या (हार्डवेअर एररच्या) नोंदीही नव्हत्या, त्यामुळे ड्रायव्हर आणि प्रोसेसर तूर्त बाजूला ठेवले.

मे महिन्यातली परभणी, खोलीतच ३८-३९ अंश. त्यामुळे पहिला संशय उष्णतेवर जाणारच. तापमान नोंदवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोचं लॉगिंग चालू ठेवून खेळलो. रीस्टार्टच्या आधीच्या शेवटच्या ओळीत ग्राफिक्स कार्ड ७८ आणि प्रोसेसर ८१ अंश होता. या कार्डाची मर्यादा ९३ आणि प्रोसेसरची ९०, म्हणजे गरम आहे पण बंद पडण्याइतकं नाही. ब्लोअरने धूळ काढली तर तीन-चार अंश उतरले, रीस्टार्ट मात्र तसाच.

मग फुकटातली चाचणी. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्के केली, एफपीएस (सेकंदाला फ्रेम) ६० वर बांधले, बाकी कशालाच हात लावला नाही. रीस्टार्ट एकदम कमी झाले. इथे रोख विजेकडे वळला.

सॉकेटमध्ये खोचायचं डिजिटल व्होल्टमीटर लावून दुपार आणि संध्याकाळ ताडून बघितली. दुपारी २२५ ते २३० व्होल्ट. दिवेलागणीला, आमच्या डीपीवरचे (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे कूलर आणि बोअरच्या मोटारी चालू झाल्या की १८५ ते १९०, आणि मोटार सुरू होताना क्षणभर आणखी खाली. दर रीस्टार्टच्या आधी यूपीएसमधून रिलेचा टक असा आवाज येतो, म्हणजे तो बॅटरीवर जायला बघतो, हेही तेव्हाच लक्षात आलं.

आता हिशोब बघा. कार्ड १७० वॅट, प्रोसेसर भर लोडवर साधारण ७६, बोर्ड-पंखे-एसएसडी मिळून ४५ धरले तर २९० होतात. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली की भिंतीतून ३४० वॅट, वर मॉनिटरचे २५, एकूण ३६५. माझा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॅटचा. एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात यूपीएसने भार उचलला नाही तर खेळ संपला.

खात्री करायला सगळ्या फाइली बंद केल्या आणि मशीन रिकामं चालू असताना यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद केलं. मशीन चालू राहिलं. मग फरमार्क, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर पूर्ण लोड टाकणारी चाचणी, लावून तेच केलं, तर मशीन जागीच बंद. लोड नसताना यूपीएस सांभाळतो, गेमच्या लोडवर बसतो. दुरुस्तीवाल्या मामांनी बॅटरी लोड टेस्टरवर लावली आणि म्हणाले, “भाऊ, ही बॅटरी फुगायलीय बघा. उन्हाळ्यानं खाल्ली.” त्यांचं बरोबर आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं आणि त्यापुढे दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. आपल्याकडे यूपीएस टेबलाखाली, कॅबिनेटच्या गरम हवेत ठेवतात. तो बाहेर मोकळ्यावर काढा, हे मी परभणी, नांदेड, जालन्याच्या प्रत्येकाला सांगेन.

आता १००० व्हीए, ६०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह (बॅटरीवरही घरच्या विजेसारखीच लहर देणारा) यूपीएस घेतलाय. पॉवर लिमिट पुन्हा १०० टक्के, फरमार्क चालू, भिंतीवरचं बटण बंद: मशीन हललं नाही. संध्याकाळी टक आवाज अजून येतो, खेळ चालू राहतो. सोबत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडायला सुरुवात केली. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. त्या थांबल्या. रीस्टार्टशी याचा संबंध मी जोडत नाही, पण हे काम टाळू नका.

एक धागा उरलाय. रीस्टार्ट थांबल्यावर एक गेम अधूनमधून नुसता डेस्कटॉपवर पडतो, म्हणजे पहिल्या प्रकारचा आजार. रॅमच्या दोन्ही काड्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या आहेत. एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारं बायोसमधलं सेटिंग) लावून ३२०० च्या वेगावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ मध्ये एरर येतात, २६६६ वर एकही नाही. आता एकेक काडी स्वतंत्र लावून ३२०० वर रात्रभर चाचणी करतोय. दोन्ही एकट्या पास झाल्या, तर जोडी २९३३ वर चालवून बघणार.