दिवा, गरम पाणी आणि तेवीस पिशव्या

घरातले दिवे मालवण्याचे काम अनेक वर्षे मी स्वतःहून अंगावर घेतले होते. खोलीतून शेवटचा माणूस बाहेर पडला की पाठोपाठ मी बटणाशी हजर असे आणि कोणी विसरलेच, तर चार शब्द सुनावल्याशिवाय मला चैन पडत नसे. आई रात्री पॅसेजमधून भिंत चाचपत जाते हे माहीत असूनही तिथला दिवा मी कटाक्षाने बंद करत असे. साधे आणि जबाबदारीचे राहणे ते हेच, अशी माझी पक्की समजूत होती. एका रविवारी विजेचे बिल समोर ठेवून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि ही समजूत तासाभरात ढासळली.

हिशेब शाळेतल्या विज्ञानाचाच आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला साधारण ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. अंघोळीचे बादलीभर, वीस लिटर पाणी गीझरमध्ये २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचे, तर सुमारे २,१०० किलोज्यूल, म्हणजे जवळपास ०.५८ युनिट वीज खर्ची पडते. गरम पाणी टाकीत नुसते पडून राहिल्याने वाया जाणारी उष्णता वेगळीच. नुसत्या त्या ०.५८ युनिटवर ९ वॅटचा एलईडी दिवा ६४ तास चालतो. ही झाली बादलीची गोष्ट. शॉवरखाली मिनिटाला नऊ लिटर या वेगाने ४० अंशांचे पाणी घेतले, तर दर मिनिटाला सुमारे ०.२१ युनिट जाते, आणि मी तर तिथे दिवसाच्या कामांची जुळवाजुळव करत आठ-आठ मिनिटे उभा राहत होतो. त्या आठ मिनिटांच्या विजेवर एक दिवा रात्रंदिवस आठवडाभर चालला असता. एवढे करून मी बाहेर येई आणि न चुकता न्हाणीघरातला दिवा बंद करी.

दिवे मालवण्याची शिस्त मुळात चुकीची नव्हती. ज्या काळात ती अंगी बाणली त्या काळात घरोघरी ६० वॅटचे तारेचे बल्ब होते आणि त्यांना दिलेल्या विजेतला फारच थोडा अंश प्रकाश होऊन बाहेर पडे, बाकी सगळी उष्णता. बल्ब गेले, पण त्यांच्यासाठीचा नियम आमच्याकडे तसाच राहिला. शिवाय दिवा डोळ्यांना दिसतो, पाण्यात मिसळलेली ऊर्जा दिसत नाही. आणि आपली काटकसर बहुधा जे दिसते त्याच्याच मागे लागते.

याला दुसरीही बाजू आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिले होते, की वाफेची इंजिने तेवढ्याच कामाला कमी कोळसा खाऊ लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला, कारण इंजिन चालवणे स्वस्त झाल्यावर ते अधिक ठिकाणी वापरले जाऊ लागले. आमच्या बैठकीच्या खोलीत पूर्वी एकच बल्ब होता. एलईडी आल्यावर तिथे चार दिवे झाले, वर कपाटाच्या मागे शोभेची एक पट्टीही लागली. ती पट्टी मी नंतर काढून टाकली. काढल्याचे अजून कोणाच्या लक्षातही आलेले नाही.

पिशव्यांचे प्रकरण याहून लाजिरवाणे आहे. स्वयंपाकघराच्या दाराच्या मागे टांगलेल्या कापडी पिशव्या एकदा मोजल्या, त्या तेवीस भरल्या. बहुतेक कोठल्या ना कोठल्या कार्यक्रमात पर्यावरणाच्या नावाने फुकट मिळालेल्या, आणि त्यांतल्या नेहमीच्या वापरातल्या जेमतेम तीन. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, साध्या सुती पिशवीला प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीची बरोबरी करायला केवळ हवामानाच्या दृष्टीने ५२ वेळा, आणि पाण्यापासून ओझोनपर्यंतचे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा बाजारात जावे लागते. उघड्यावर पडणाऱ्या प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा प्रश्न त्या तुलनेत धरलेला नव्हता, त्यामुळे यावरून प्लॅस्टिकची तरफदारी करणे मला पटत नाही. पण विसाव्या पिशवीचे समर्थनही त्यातून होत नाही. आता कोणी चोविसावी पुढे केली, तर मी हसून परत करतो. देणाऱ्याला ते थोडे उद्धट वाटते, हे खरे.

मग दुरुस्तीचा नाद लागला. झोपण्याच्या खोलीतला पंखा इतका मंदावला होता, की सुरू करताना त्याला काठीने ढकलावे लागे, आणि आता नवा घ्या, असे घरात सगळ्यांचे म्हणणे पडले. मेन स्विच बंद करून मी स्टुलावर चढलो आणि दांड्याची वाटी खाली सरकवली, तो आतला कंडेन्सर पोट फुगवून बसलेला. २.५ मायक्रोफॅरडचा तसाच नवा आणला, दोन वायरी जोडल्या, टेप गुंडाळली आणि पंखा पहिल्यासारखा फिरू लागला. या विजयाने माझे डोके थोडे चढले आणि यापुढे घरातली कोणतीही वस्तू बदलायची नाही, असे मी जाहीर करून टाकले.

ते फार दिवस टिकले नाही. बैठकीतला पंखाही तितकाच जुना, ७५ वॅटचा, आणि तो दिवसाचे बारा तास फिरतो. नव्या पद्धतीचा, बीएलडीसी मोटरचा पंखा तेच काम तिसेक वॅटमध्ये करतो. म्हणजे रोज अर्ध्या युनिटहून थोडी अधिक बचत, जवळजवळ एका बादलीच्या गरम पाण्याएवढी. तो बदलला. झोपण्याच्या खोलीतला मात्र रात्री तासभर लागतो, तेवढ्यासाठी धातूचे आणि तांब्याच्या तारेचे एक नवे धूड घडवून घेण्यात अर्थ नव्हता. एकाच घरातल्या दोन सारख्या पंख्यांना दोन वेगळे न्याय लागले.

अन्नाबाबत फार लिहीत नाही. २०२२ मध्ये जगभरात दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून वाया गेलेले अन्न १०५ कोटी टन होते आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. आमच्या वाट्याचा पत्ता फ्रिजचा सर्वांत खालचा, मागचा कोपरा हा होता. तिथे आता काहीच ठेवत नाही.

पॅसेजमधला दिवा हल्ली रात्रभर चालू असतो. नऊ वॅट, आठ तास, म्हणजे ०.०७ युनिट, शॉवरखालून वीस सेकंद आधी बाहेर आलो, की त्याची भरपाई होते. हे सगळे मी आईला कागदावर आकडे मांडून समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "एवढीच वीज लागते ना? मग जिन्यातलाही राहू दे की."