लाल तुरीची साल निघाली, उडीद लांबणीवर

निघाली एकदाची! संक्रांतीपासून माझा अंत पाहणारी बीएसएमआर-७३६ या लाल तुरीच्या वाणाची साल परवा सुपातून फोलपटं होऊन उडाली. मागच्या वेळी घरच्या जात्यावर केलेल्या मूग आणि हरभऱ्याच्या डाळीचे फोटो टाकले तेव्हा निम्म्या जणांनी एकच विचारलं होतं, ‘तुरीचं काय?’ घ्या, तुरीचं सांगतो.

हरभऱ्यात तसा दम नाही. रात्री पाण्याचा हात लावा, दुसऱ्या दिवशी कडक ऊन दाखवा, भरडा, डाळ मोकळी. मूगही समजूतदार. तुरीत मात्र साल आणि डाळ यांच्या मध्ये डिंकाचा पातळ थर असतो आणि तो सुटल्याशिवाय जात्याला कितीही जोर लावा, काही उपयोग नाही.

कावेची (लाल मातीची) रीत आधी लिहिली आहेच: भिजवणे, काव चोळणे, दडपणे, वाळवणे, माती चाळून भरडणे. साल बिनबोभाट निघते, त्याबद्दल तक्रार नाही. पण डाळीच्या पोटाला खळगा पडतो आणि ती डाळ शिजता शिजत नाही. त्यात आमचं बोअरचं पाणी. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेक्टिनला धरून बसतं, मग शिट्ट्यांवर शिट्ट्या करा, रवीनं घोटा, कण दाताखाली येतोच. (लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते २०१६ साल, आणि तेच संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष. तुरीच्या मुलखात वरण शिजवायला पाणी नाही, असा तो योग.)

म्हणून तेल-पाण्याच्या, तूर न भिजवता करायच्या कोरड्या रितीवर आलो. हिची डाळ चपटी येते, लवकर शिजते, दिसतेही बाजारातल्या ‘फटका’ म्हणून मिळणाऱ्या वरच्या प्रतीच्या तूरडाळीसारखी. पण दर भरडीत तीच रड. जात्याची वरची पाळू (दगडी तळी) खाली बसवली की कणीचा ढीग, वर उचलली की अख्खे दाणे साल अंगावर घेऊन बाहेर. मधली जागा म्हणून नाहीच. तेल वाढवून पाहिलं तर पीठ जात्याच्या टाक्यांत (दगडावर छिन्नीनं पाडलेल्या खाचांत) चिकटून बसलं. ऊन वाढवून पाहिलं तर डाळ ठिसूळ झाली.

कोडं सुटलं ते ताटात. जात्यातून अख्खे निसटलेले दाणे एका ताटात पसरले, कणी दुसऱ्यात. अख्खे सगळे बारके, सुरकुतलेले; कणीतले तुकडे मात्र टपोऱ्या दाण्यांचे. म्हणजे जातं बरोबरच होतं, पण एकाच फटीतून दोन मापांची तूर जात होती! मिलवाले भरडायच्या आधी प्रतवारीच्या चाळण्या लावतात, ते उगीच नाही.

मग तूर चाळून दोन वाटे केले. खालच्या पाळूच्या लोखंडी खिळीवर सुताचे वेढे घातले, टपोरीसाठी जास्त, बारकीसाठी कमी. वेढे वाढले की वरची पाळू तेवढी उचलते. पहिल्या फेरीत डाळ पाडायचीच नाही, नुसती साल ओरखडायची. जातं सावकाश फिरवलं, मूठ मूठच घातली. दाणा उजेडात धरला तर लाल अंगावर पिवळी बारीक रेघ दिसायला हवी. ही रेघ म्हणजे तेलाला आत शिरायला दार.

त्यानंतर किलोला ५ ग्रॅम करडईचं तेल, दोन्ही हातांनी चोळून. इथे आत्यानं हस्तक्षेप केला. मी परात घेऊन गच्चीकडे निघालो, तर ती म्हणाली, ‘आरं लेकरा, तेल लावलं की लगेच उन्हात कशाला? रातभर दडपून ठेव, मुरू दे की.’ तिच्या म्हणण्याप्रमाणे ढीग करून गोणपाटाखाली दडपला. दुसऱ्या दिवशी ऊन. संध्याकाळी पाण्याचा शिपका, किलोला साधारण ३० मिली, आणि पुन्हा दडपण. ओलीनं डिंक फुगतो, उन्हानं आकसतो, आणि या ओढाताणीत तो पकड सोडतो. दाणा दाताखाली टच्च वाजेपर्यंत हे चालू ठेवलं.

शेवटची भरड. पाच किलो तुरीची ३ किलो ४०० ग्रॅम स्वच्छ डाळ! वर पाऊण किलोच्या आसपास कणी-चुणी, बाकी फोलपट आणि धूळ. म्हणजे ६८ टक्के. चांगल्या मिलमध्ये याहून जास्त उतारा पडतो हे माहीत आहे, पण हातजात्यावर हे मला भरपूर झालं. वरण जारच्या पाण्यात लावलं, फक्त हिंग-हळद-मीठ. घोटायची गरजच पडली नाही, पळीनंच एकजीव झालं. वर तूप. आत्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र आमच्या घरात मिळत नाही.

हत्यारांबद्दल दोन शब्द. ऑनलाइन मिळणारी ती गुळगुळीत, चकचकीत जाती कृपा करून घेऊ नका. माझं पहिलं तसलंच होतं. टाक्याच नाहीत तर साल धरणार कशानं? विक्रेत्याला लिहिलं, तर ‘शोभेसाठीही वापरता येईल’ असं उत्तर आलं. गावाकडचं जुनं काळ्या दगडाचं जातं आणा आणि टाकी लावून घ्या. तेल करडईचंच वापरा. रिफाइंड तेलाची डाळ उन्हाळाभर ठेवली तर वास धरते, असं माझं मत आहे. भांडायला हरकत नाही.

पुढे उडीद घेणार होतो, टीएयू-१ आणूनही ठेवला आहे. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं: प्रतवारीनं लाल तूर वठणीवर आली, तर पांढरी बीडीएन-७११ याच फटीत बसेल का? बदनापूरचं हे वाण लवकर येतं, मामाच्या रानात यंदा तेच होतं, आणि येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) भज्जीला शेंगा तोडूनही पोतंभर उरलं आहे. शिवाय निलंगा तालुक्यातली बोरसुरी, जिच्या डाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती अख्खी तूर मिळाली तर तिघींची एकाच दिवशी, एकाच पाण्यात वरणाची परीक्षा लावता येईल. तेव्हा उडीद राहू दे. त्याची सालही चिवट, तो पाऊस पडायच्या आत हातावेगळा झाला तर झाला.

बोरसुरीची अख्खी तूर कुणाकडे असेल तर सांगा, दोन किलो पुरे. आणि परभणीच्या ताई, तुम्ही करडईऐवजी जवसाचं तेल लावून पाहणार होतात. कणी किती पडली ते वजनासकट लिहा.